नऊ महिन्यांत फाटलेला लोअर आर्म बुश: विक्रोळीच्या पार्किंगमधलं एक काम

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 92 हजार किलोमीटर चाललेली, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि उसळी थोपवणारा शॉकअप एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना असतं तेच. मी राहतो कन्नमवार नगरला, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, त्यामुळे रोज जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मागच्या वर्षी गणपतीला गावी जाऊन आल्यावर पुढून आवाज यायला लागला म्हणून ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूचे लोअर आर्मचे बुश (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) बदलून घेतले. माल मीच आणून दिला होता, नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद डबा. आवाज गेला, विषय संपला असं वाटलं. आणि या जुलैत, नऊ महिने आणि जेमतेम 7 हजार किलोमीटर झाल्यावर, तोच आवाज परत आला.

हे लिहितोय ते त्या नऊ महिन्यांसाठी. बुश जुना होऊन जाणं आपण सगळे समजू शकतो, मुंबईच्या रस्त्यावर तर नक्कीच, पण नवा चांगला बुश नऊ महिन्यांत फाटतो तेव्हा कुठेतरी कामात चूक असते आणि ती चूक सापडेपर्यंत कितीही पार्ट बदला, पैसे पाण्यात.

आधी आवाज नीट सांगतो, कारण सगळं निदान तिथून सुरू होतं. दोन वेगळे आवाज होते हे मला पहिले दोन आठवडे कळलंच नाही, मी दोन्हीला "पुढून खडखड" एवढंच म्हणत होतो. मग एका रविवारी सकाळी कॉलनीत रस्ता रिकामा असताना काचा खाली, रेडिओ बंद, एसी बंद करून दहा-पंधराच्या स्पीडने फिरलो. पहिला आवाज म्हणजे पेवर ब्लॉकवरून जाताना बारीक, पटापट, खटखटखट, डावीकडून जास्त. दुसरा म्हणजे ब्रेक मारला की एकदाच टक्, आणि ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की परत एकदा टक्. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर खटखट जवळपास नाही, पण नव्या काँक्रीटचा पट्टा संपून जुनं डांबर सुरू होतं तिथे जी पायरी असते त्यावरून एकच चाक उतरलं की लगेच. हा फरक खूप काही सांगून जातो, कारण स्टेबिलायझर बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो आणि एक चाक वर, एक खाली झालं तरच तो पिळतो, दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर तो बार नुसता सोबत जातो आणि त्याला चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या लिंक रॉडवर जोरच येत नाही. म्हणजे एका चाकाच्या खड्ड्यात वाजतं आणि पूर्ण स्पीडब्रेकरवर वाजत नाही तर पहिला संशय लिंक रॉडवर.

त्याच गॅरेजवाल्याकडे गाडी नेली. त्याने बोनेटच्या कोपऱ्यावर दोन वेळा दाबलं, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही शॉकअप गेलेत, माउंटिंग पण टाकायला लागतील, साडेअकरा हजार होतील." मी खाली वाकून शॉकअप बघितले, तर कोरडे. डाव्याला थोडी ओलसर धूळ चिकटलेली होती पण तेल ओघळलेलं नव्हतं, आणि एवढ्या किलोमीटरला पुसटसा ओलावा असणं म्हणजे शॉकअप संपला असं होत नाही. गाडी उसळतही नव्हती, हायवेवर जोडावरून गेली की एकदा खाली-वर होऊन बसत होती. मला पटलं नाही. मी त्याला उद्या सांगतो म्हटलं आणि घरी येऊन मामांना फोन केला.

मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ, बेस्टच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, आयुष्य बसच्या पाट्यांखाली, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, गेलेलं. त्यांनी फोनवर एकच विचारलं, "लिंक काढून गाडी फिरवलीस का?" मी नाही म्हटलं. "मग शॉकअप कशाच्या जोरावर बदलतोस?"

तर ते केलं. दोन्ही बाजूचे लिंक रॉड काढून ठेवले आणि कॉलनीच्या आतच, हळू, दोन फेऱ्या मारल्या. (असं रस्त्यावर करू नका, वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते.) खटखट पूर्ण बंद. टक् मात्र तसाच. म्हणजे दोन आवाज, दोन पार्ट. हातात घेतल्यावर डाव्या लिंकचा रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसच्या जागी पावसाचं पाणी आणि मातीचा लगदा, आणि त्याचा बॉल बोटाने ढिला हलत होता. नव्या लिंकचा बॉल हाताने हलवायला जोर लागतो, हा बोटाने डुगडुगत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही. उजवा बरा होता, पण जोडीनेच घेतले.

आता टक्. गाडीचं पुढचं तोंड घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घेतलं, चाकं काढली आणि लोअर आर्म आणि सबफ्रेमच्या (तो आर्म ज्याला जोडतो त्या खालच्या सांगाड्याच्या) मध्ये पहार घालून दाबलं. उजवीकडचा आर्म जवळपास सेंटीमीटरभर पुढे सरकला आणि टॉर्चमध्ये पुढच्या बुशचं रबर अर्ध्या गोलात उघडं पडलेलं दिसलं. डावीकडे बघितलं, तिथेही तेच, थोडं कमी. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचे बॉल जॉइंट दोन्ही घट्ट होते, चाक असताना वर-खाली धरून हलवून बघितलं होतं, बाजूंनी धरूनही, म्हणजे स्टिअरिंगचे टायरॉड एंडही ठीक.

इथे मी खरंच अडलो. चांगला माल, नऊ महिने, आणि दोन्ही बाजूंना सारखाच फाटलेला. एखाद्या मोठ्या खड्ड्यात आपटून गेला म्हणावं तर एक बाजू जाते, दोन्ही नाही. माल खराब निघाला असं म्हणता आलं असतं आणि मी तेच धरून चाललो होतो. मामा रविवारी विक्रोळीला आले, चष्मा सारखा करत चटईवर आडवे झाले, टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रबराचे धागे बघ, सगळे एकाच बाजूला ओढल्यासारखे तुटलेत. हा पिळून मेलाय. गाडी वर असताना आवळलाय कोणीतरी."

मग मला मोबाईलमधला ऑक्टोबरचा फोटो आठवला. नवीन बुश बसवल्यावर मी हौसेने काढून मामांनाच पाठवला होता. त्यात गाडी जॅकवर, चाक काढलेलं, आर्म खाली लोंबतोय आणि मेकॅनिकच्या हातात बोल्ट आवळायची गन, बुशच्याच बोल्टवर. फोटो नऊ महिने दोघांच्याही फोनमध्ये पडून होता.

आता हे नक्की काय होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की विसरत नाही. या बुशमध्ये बाहेर एक लोखंडी कडं, आत एक लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटवलेलं असतं. मामा याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. आतली नळी बोल्टने सबफ्रेमला आवळली की ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्मसोबत वर-खाली होतं. म्हणजे फिरायला जागा कुठेच नाही, सगळी हालचाल रबर पिळूनच होते, आणि ते तसंच बनवलेलं आहे. फक्त अट एवढीच की गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना रबर मोकळं, पीळ न पडलेलं असलं पाहिजे, म्हणजे खड्ड्यात थोडं वर आणि थोडं खाली असा दोन्हीकडे पीळ पडेल आणि उभी असताना शून्यावर येईल.

गाडी जॅकवर असते तेव्हा आर्म पूर्ण खाली लोंबतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर ती लोंबती अवस्था रबराचा शून्य होते. गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि रबर तिथेच पिळलं जातं, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी, रात्रभर, रोज. मी मोजलं. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत गाडी जमिनीवर असताना 37 सेंटीमीटर, चाक हवेत असताना 45. आठ सेंटीमीटरचा फरक. आर्मच्या बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत अंतर साधारण 35. हिशोब केला तर जवळपास 13 अंशांचा पीळ उभ्या गाडीतच, आणि त्यावर जेव्हीएलआरचे खड्डे. उभ्या गाडीत रबर फडक्यासारखं पिळून ठेवलं होतं आम्ही नऊ महिने.

मामांनी सांगितलं की बसच्या पाट्यांच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, रबरी बुश असले तरी हाच नियम, बोल्ट शेवटचा आवळायचा तो बस चाकांवर उभी करून, आणि नवीन आलेल्या पोरांना ते पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे. जुन्या पद्मिनी टॅक्सीला, जी मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती, जागोजागी ग्रीस मारायचे निप्पल असायचे, वेळच्या वेळी ग्रीस मारलं की पार्ट टिकायचे. आताच्या छोट्या गाडीत ग्रीस मारायला काही ठेवलेलंच नाही, सगळं सीलबंद आणि रबरावर, म्हणून बसवतानाची एक चूक पुढे दुरुस्त करता येत नाही. आपल्याकडे हा साचा 1983 च्या मारुती 800 पासून घरोघरी आला आणि तेव्हापासून रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बुश हवेतच आवळले जातायत. मेकॅनिक वाईट असतो म्हणून नाही, गाडी खाली घेतल्यावर तिथे हात जात नाही म्हणून.

सामान. जुना बुश काढून नवा दाबायला प्रेस लागतो, घरी हातोडीने मारून बसवला तर वाकडा बसतो आणि त्याची दिशाही चुकू शकते, म्हणून बुश आणि बॉल जॉइंटसकट आख्खा आर्मच घ्यायचा ठरवला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन आर्म 3,700 ला मिळाले, लिंक रॉडची जोडी 1,100, नवीन बोल्ट आणि नायलॉक नट 240. नायलॉक नट एकदा काढला की परत वापरू नका, आतली नायलॉनची पकड गेलेली असते. नागदेवी स्ट्रीटवरून टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला कट् करणारा पाना) 2,800, घोड्यांची जोडी 1,600, गंजाचा स्प्रे 250.

काम रविवारी सकाळी सातला सुरू केलं. स्प्रे आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टवर मारून ठेवला होता, खाडीकडची हवा आणि पावसाळे यांनी आटे असे धरतात की थेट पाना लावला तर बोल्ट तुटतो. पार्किंगमध्ये पेवर ब्लॉक, खाली पावसाने भुसभुशीत झालेली माती, त्यामुळे प्रत्येक घोडीखाली जाड प्लायचा चौकोनी तुकडा टाकला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गिअर. काढलेली चाकं गाडीच्या साइडखाली आडवी सरकवून ठेवली. गाडीसोबत येणारा जॅक फक्त उचलायला, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, आणि विटांवर गाडी तर कधीच नाही, वीट आधी काही न सांगता फुटते. हे मी जीव तोडून सांगतोय, यात घाई करू नका.

लिंक रॉड सोपे. पुढची दोन्ही चाकं एकदम हवेत पाहिजेत, एकच उचललं तर बार पिळलेला राहतो आणि लिंक निघत नाही. नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरतो, म्हणून टोकाला ॲलन की धरायची आणि रिंग पान्याने नट सोडायचा.

आर्मला वेळ गेला. बॉल जॉइंटची पिन नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) एका आडव्या बोल्टने धरलेली असते आणि त्या पिनला खाच असते, त्यामुळे बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मी पहिल्यांदा ढिला करून पहारीवर लटकत होतो, मामांनी थांबवलं. मग नकलच्या चिरेत छिन्नी हलकी ठोकून ती थोडी उघडली, साखळीने आर्मला पहार बांधून खाली दाबली आणि पिन सटकन बाहेर आली. त्या क्षणाला नकल मोकळी होते आणि बाहेर झुकते, तिला धरून ठेवायला दुसरा माणूस हवाच, कारण ती बाहेर ओढली गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो आणि ब्रेकच्या होसवर ताण येतो. मी दोरीने नकल शॉकअपला बांधून ठेवली.

बारा वाजता पाऊस आला. ताडपत्री टाकून तासभर बसलो, बायकोने वरून चहा आणि कांदेपोहे पाठवले, सोसायटीचे सेक्रेटरी छत्री घेऊन येऊन तेल सांडणार नाही ना म्हणून बघून गेले.

शॉकअपला हात लावला नाही. ते खराब असते तरी घरी उघडले नसते. स्प्रिंग दाबून ठेवायला योग्य कॉम्प्रेसर लागतो, तार किंवा दोरी बांधून वरचा नट सोडायचे प्रकार मी बघितलेत, दाबलेली स्प्रिंग सुटली तर चेहरा किंवा हात जातो. ते काम गॅरेजलाच द्या.

नवे आर्म बसवले, बॉल जॉइंटचा बोल्ट टॉर्क रेंचने पूर्ण आवळला, मागच्या बुशचा उभा बोल्टही आवळला कारण त्यावर हा पीळ येत नाही. पुढच्या बुशचा आडवा बोल्ट मात्र फक्त हाताने, वॉशर टेकेपर्यंत. टॉर्कचे आकडे मी देत नाही, प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचे वापरू नका.

मग चाकं लावली आणि गाडी जमिनीवर न घेता दोन्ही पुढच्या चाकांखाली जाड फळ्या एकावर एक ठेवून त्यावर घेतली, सहा इंच उंची मिळाली. गाडी चाकांवर उभी, पूर्ण वजन चाकांवर, आणि तरी बाजूने हात आत जातो. बोनेट चार-पाच वेळा दाबून सोडलं, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसते. टेप लावली, 37 आली. आता आडवे होऊन लांब दांड्याने तो बोल्ट आवळला, रेंचने कट् केलं, मग दुसरी बाजू. उठायच्या आधी मामांनी माझ्याकडून मुलीची पिवळ्या ऑइल पेंटची ट्यूब मागवली आणि दोन्ही बुशवर आतल्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. ही रेघ गाडी उभी असताना सरळ दिसली पाहिजे, तिरकी दिसली तर रबर पिळलंय, तुटक दिसली तर फाटलंय, टॉर्च मारला की दोन सेकंदांत कळतं. गॅरेजमध्ये काम केलंत तरी ही रेघ ओढायला सांगा.

अडीच वाजता संपलं. दुसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट केली, 500 रुपये, आर्म बदलल्यावर ती करावीच लागते नाहीतर टायर आतल्या कडेने खाऊन जातात. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट परत रेंचने तपासले. एकूण पार्ट आणि अलाइनमेंट 5,540, हत्यारं आणि स्प्रे 4,650, म्हणजे 10,190. साडेअकराच्या तुलनेत पहिल्या वेळेला फार वाचत नाही हे खरं, पण त्या साडेअकरात चांगले शॉकअप गेले असते आणि टक् तसाच राहिला असता.

फाटलेला बुश आणि ऑक्टोबरचा फोटो घेऊन मी गॅरेजवाल्याकडे गेलो होतो. भांडायला नाही. त्याने बुश हातात घेऊन उलटसुलट केला, धागे बघितले, आणि विचारलं की खाली घेतल्यावर पाना कुठून घालायचा. मी फळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "जमेल, पण गिऱ्हाईक थांबत नाही ना साहेब." त्याचं बोलणं मला पटतं, म्हणून आता आपणच थांबायचं आणि सांगायचं की शेवटचा बोल्ट माझ्यासमोर गाडी चाकांवर घेऊन आवळा, त्याचे वेगळे पैसे घ्या.

यंदा गणपतीला गावी जाऊन आलो, कामापासून आतापर्यंत 3,800 किलोमीटर झाले. ब्रेकवर टक् नाही, पेवर ब्लॉकवर खटखट नाही. गेल्या रविवारी टॉर्च घेऊन खाली बघितलं. पिवळी रेघ उजवीकडे सरळ आहे, डावीकडेही सरळ आहे, चिखल पुसून दोनदा बघितली आणि मामांना फोटो पाठवला.